तो नांगर दोन वर्षं पडून राहू शकला, कारण...

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं व्हायला नको. वय २७, मेकॅनिकल इंजिनियर, नोकरी चाकणला, घर तासगाव तालुक्यात. घरच्या बेदाणा शेडवर दर उन्हाळ्यात निवडणीला बायका मिळत नाहीत, म्हणून एका शेडला परवडेल असं निवडणीचं छोटं यंत्र करायचं तुमच्या डोक्यात आहे. तयारी म्हणून दोन वर्षांत उद्योजकांची तीसेक चरित्रं वाचलीत. हाती काय लागलं, तर 'लोक कितीही हसले तरी सोडू नका' आणि 'चुकतंय असं दिसलं की लगेच सोडा' अशी दोन वाक्यं. दोन्ही मोठ्या माणसांचीच. मग जुन्या यशापयशातून शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. आणि शेवटच्या ओळीत, सहज विचारल्यासारखं, 'नोकरी सोडू का?'

मला वाटतं तुमचं घोडं पुस्तकांवर अडलेलं नाही. उद्या तुमची दहा यंत्रं विक्रीवाचून अंगणात उभी राहिली, तर ती धीर धरायची वेळ आहे की मोडीत घालायची, हे त्या दिवशी कसं ओळखायचं, ही तुमची खरी अडचण आहे. चरित्रात ते कळत नाही, कारण चरित्र लिहिणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो.

माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. कुपवाड एमआयडीसीत शेतीयंत्रांचा छोटा कारखाना, ३१ वर्षं झाली. कारखाना म्हणजे चौदा माणसं, तीन लेथ, एक प्रेस आणि रंगकामाची शेड. लोखंड वाकवून विकणं एवढंच मला येतं. मोबाईलवरचं काही बनवणाऱ्याला माझं बोलणं कितपत लागू पडेल, सांगता येत नाही. तिथे माल अंगणात पडून गंजत नाही. शिवाय घरी बागायत किती, कर्ज किती, घरचे पाठीशी आहेत की तोंड फिरवून बसलेत, यावरही बरंच ठरतं आणि ते तुमचं तुम्हालाच माहीत. एवढं गृहीत धरून वाचा.

आता नांगराची गोष्ट. आमच्या सांगली भागात धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाला ती कुणी ना कुणी ऐकवतंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लक्ष्मणराव हटले नाहीत, आणि पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडच्या ओसाड माळावर ३२ एकरांत किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट खरी आहे. सांगणारा इथे थांबतो, आपल्या पाठीवर थाप मारतो आणि निघून जातो.

माझ्याही पाठीवर अशी थाप पडली होती. त्या थापेची किंमत जवळजवळ अकरा लाख रुपये.

२००८ च्या दिवाळीनंतर मी हळद पॉलिश करायचं एक लहान यंत्र बनवलं. तुम्ही द्राक्षपट्ट्यातल्या, म्हणून थोडक्यात सांगतो: शिजवून वाळवलेलं हळकुंड खरबरीत आणि काळपट दिसतं. जाळीच्या ढोलात घालून फिरवलं की वरची साल घासून निघते आणि पिवळा रंग वर येतो. बाजारात भाव त्या रंगावर ठरतो. पूर्वी हे ढोल हाताने फिरवत, मग इंजिनावर आले. ढोलवाला आपली टोळी घेऊन रानोरान फिरतो आणि क्विंटलमागे पैसे घेतो. मी विचार केला, शेतकऱ्याने ढोलवाल्याची वाट का बघावी? घरच्या लाईटवर चालेल असा दोन अश्वशक्तीच्या मोटरचा छोटा ढोल प्रत्येकाच्या दारात असला तर? यंत्र खरोखर चांगलं झालं होतं. आवाज कमी, धूळ बाहेर येत नव्हती, हळकुंड तुटत नव्हतं. एका यंत्राला २७,००० खर्च आला. किंमत ठेवली ३८,०००. एकदम चाळीस बनवली, कारण पत्रा आणि मोटर घाऊक घेतल्या की स्वस्त पडतात. नवशिक्याची ही हमखास चूक, आणि मी तर तेव्हा नवशिकाही नव्हतो.

पहिल्या हंगामात चार गेली. दुसऱ्यात तीन. त्यातली दोन परत आली.

या दोन वर्षांत मी रोज त्या नांगराची आठवण काढत होतो. लोकांना कळायला वेळ लागतो, लक्ष्मणरावांनाही लागला. बायकोला हेच सांगायचो, बँकेच्या साहेबांनाही हेच. ती गोष्ट मला चिकाटी शिकवत नव्हती. डोळे मिटून बसायला उशी देत होती.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी डिग्रजकडचा एक शेतकरी यंत्र बघायला आला. सगळं बघितलं, ढोल हाताने फिरवून पाहिला, दार उघडून मिटलं. मग यंत्राच्या वरच्या पत्र्यावर वर्षभराची धूळ साचली होती, तिच्यावर बोटाने आकडे लिहायला लागला. "दोन एकरांत वाळून माझी पंचेचाळीस क्विंटल होते. ढोलवाला क्विंटलला साठ घेतो. झाले सत्तावीसशे. तुमचं यंत्र अडतीस हजार. चौदा वर्षं." मग हात झटकले आणि म्हणाला, "यंत्र झकास आहे हो. पण वर्षातनं दोन दिवस वापरायचं आणि बाकीचे दिवस सांभाळायचं? माझ्या गोठ्यात म्हशीला जागा नाही."

धुळीतला तो हिशेब मी बरेच दिवस पुसला नाही.

त्याच्या समजुतीत काही चूक नव्हती. त्याला यंत्र कळलं होतं, माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. मग नांगराच्या गोष्टीत आणि माझ्या गोष्टीत फरक काय? त्या रात्री मी पहिल्यांदा लक्ष्मणरावांची गोष्ट हिशेबनीस होऊन वाचली. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या, ज्या तोवर कुणी सांगितल्या नव्हत्या. म्हणजे त्या छापलेल्या होत्या, मीच त्यांवरून पुढे गेलो होतो.

एक म्हणजे, नांगराच्या आधी त्यांच्याकडे कडबाकुट्टी होती. बेळगावात सायकलींचं दुकान, मग जनावरांची वैरण बारीक करायचं यंत्र, आणि त्यानंतर नांगर. म्हणजे नांगर दोन वर्षं पडून राहिला तरी वर्कशॉपची चूल त्याच्यावर पेटत नव्हती. तो नांगर दोन वर्षं पडून राहू शकला, कारण भात दुसऱ्या चुलीवर शिजत होता. माझे अकरा लाख मात्र एकाच मालात, आणि त्यातले सहा बँकेचे.

दुसरी अशी की, नांगर न घेण्यामागे शेतकऱ्याची भीती होती. हिशेब नांगराच्या विरुद्ध नव्हता. नांगरट दरवर्षीची, रान प्रत्येकाचं, आणि लाकडी नांगरापेक्षा लोखंडी खोल जातो हे शेजारच्या रानात एकदा दिसलं की भीती संपते. भीती काळाने जाते. पण गिऱ्हाईक धुळीत आकडे लिहून 'चौदा वर्षं' म्हणत असेल, तर दहा वर्षं थांबलात तरी तो हिशेब बदलत नाही. आज माझं नवीन यंत्र विकलं गेलं नाही, तर मी पहिल्यांदा हेच बघतो, की समोरचा घाबरतोय की मोजतोय. घाबरत असेल तर त्याच्या रानात नेऊन फुकट चालवून दाखवायचं. मोजत असेल तर परत येऊन ड्रॉइंग बोर्डावर बसायचं.

तुमची ती दोन उलटसुलट वाक्यं इथे वेगळी होतात असं मला वाटतं. दोन्ही खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या पडून राहिलेल्या मालाबद्दल.

तेव्हापासून माझी वाचायची पद्धत बदलली. कुठल्याही उद्योजकाची गोष्ट मी सलग वाचत नाही. जिथे तो पैसे लावायचा निर्णय घेतो तिथे पुस्तक मिटतो आणि वहीत लिहितो: या तारखेला याच्या हातात पैसे किती आणि ते किती महिने पुरतील? पैसे देणारा नेमका कोण? त्या माणसाचं आज कशावर भागतंय? आणि हा फसला तर काय काय जाईल? पुस्तकात उत्तर नसेल तर 'नाही' असं लिहितो; अर्ध्याहून जास्त ठिकाणी 'नाही' येतं. मग मी काय केलं असतं ते लिहितो, आणि त्यानंतर पान उलटतो. माझे अंदाज बरेचदा चुकतात. पण चूक वहीत राहते, म्हणून तिच्यापासून शिकता येतं. सलग वाचलं की शेवटी सगळं 'होणारच होतं' असं वाटायला लागतं.

याचं एक उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं देतो, कारण ते मला यंत्र बनवणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी वाटतं. लोक सांगतात ते असं: विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, बायकोचे दागिने मोडले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. हे ऐकून कितीतरी पोरांनी घरचे दागिने मोडले असतील. आता पुस्तक १९१२ च्या उन्हाळ्यात मिटा. पॉलिसी गहाण टाकून माणूस लंडनला जाऊन आलाय, कॅमेरा मागवलाय, तंत्र शिकून घेतलंय. चित्रपट काढायला पैसे हवेत आणि देणारा कुणी नाही, कारण इथे असलं काही होऊ शकतं यावर सावकाराचा विश्वास का बसावा? या जागी तुम्ही काय केलं असतंत? मी वहीत लिहिलं होतं, 'छोटी गोष्ट, दोन नट, एक दिवसाचं शूटिंग.'

फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. कॅमेरा कुंडीसमोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त ते रोप थोडं थोडं टिपत राहिले. मिनिटभराची फिल्म झाली: बी रुजतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय. निवडक लोकांना ती दाखवली आणि कर्ज मिळालं. ना नट, ना कपडे, ना सेट. सावकाराला एवढंच बघायचं होतं की हा माणूस हलतं चित्र काढू शकतो का. तेवढंच दाखवलं, आणि तेही जवळपास फुकटात. दागिन्यांची गोष्ट जिथे तिथे ऐकायला मिळते, वाटाण्याची क्वचितच. आमच्या कारखान्यात आता 'वाटाणा' हा शब्दच झालाय. नवीन पोरगा सगळं यंत्र बनवायला निघाला की फोरमन विचारतो, "आधी वाटाणा काय आहे तुझा?"

त्याच फाळक्यांची गोष्ट पुढेही वाचावी. १९३१ मध्ये बोलपट आला, आणि त्यांचा पूर्ण बोलपट म्हणावा असा 'गंगावतरण' हा एकच, १९३७ चा. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा धंद्याने त्यांना मागे टाकून बरीच वर्षं झाली होती. एकाच माणसाकडून दोन्ही बाजू शिकायला मिळतात, असं मला तरी वाटतं.

आता अपयशाबद्दल. यश छापून येतं, अपयश छापून येत नाही, ही रड सगळेच करतात. पण अपयश बघायला मिळतं, फक्त चपला झिजवाव्या लागतात. वर्तमानपत्रात बँकांच्या जप्ती-लिलावाच्या बारीक टायपातल्या जाहिराती येतात ना, त्या मी वीस वर्षं नेमाने वाचतोय. माझ्या तीनपैकी दोन लेथ लिलावातल्या. लिलावाआधी शेड बघायला देतात. खरेदी करायची नसली तरी जाऊन या.

एका शेडचं सांगतो. गाव आणि नाव नको. लहान चिलिंग मशीन बनवायचे तिथे, दुधासाठी. आत गेलो तर भिंतीला लावून दोनशेच्या वर कव्हरं रचलेली. पावडर कोटिंग केलेली, कंपनीचं चंदेरी स्टिकर लावलेली, प्रत्येकाला प्लास्टिक गुंडाळलेलं. आणि कॉम्प्रेसर किती? शोधून सापडले तीन. म्हणजे या माणसाने आधी दिसणारं सगळं करून घेतलं होतं, आणि ज्याने दूध थंड होतं तेवढंच राहिलं होतं. टेबलावर ऑर्डरचं रजिस्टर होतं, त्यात पहिली चार पानं भरलेली, सगळी 'चौकशी' या सदराखाली. चौकशी. त्या शब्दाने आमच्या धंद्यात जितके कारखाने बुडवले, तितके मंदीने नसतील बुडवले. प्रदर्शनात माणूस कार्ड घेतो, 'बघू हं' म्हणतो, आणि आपण त्याला मागणीत धरतो.

आणखी एक सांगतो. बंद पडलेल्या धंद्याचं कारण मालकाला विचारू नका. तो सरकार, भागीदार नाहीतर नशीब सांगेल, आणि बिचारा खोटं बोलत नसतो. त्याला माल पुरवणाऱ्या नटबोल्टवाल्याला विचारा. "आधी रोख घ्यायचा, मग पंधरा दिवसांनी द्यायला लागला, मग चेक पुढच्या तारखेचे, मग माणूस पाठवायचा, स्वतः येईना." वर्ष-दीड वर्ष आधीपासून त्याला कळलेलं असतं.

मोठ्या अपयशाचंही एक बोलतो, कारण द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला ते जवळचं आहे. भारतात वाईनचा धंदा म्हटलं की आज नाशिक आणि तिथली सुला कंपनी डोळ्यांसमोर येते. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी इंडेज सुरू केली होती. फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाईन, तीही परदेशात विकायची. तेव्हा हे वेडेपणाच वाटलं असेल. इथल्या माणसाला वाईन म्हणजे काय हे शिकवायचा खर्च त्यांनी केला. पुढे २००७-०८ च्या सुमारास कंपनीने इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले धंदे विकत घेतले, आणि त्याच वेळी जगभर मंदी आली. देणी थकली आणि काही वर्षांतच मामला मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्यापर्यंत गेला.

सुलाचे राजीव सामंत अमेरिकेतून शिकून, नोकरी सोडून घरच्या नाशिकच्या जमिनीवर आले. आधी इतर पिकं करून पाहिली, खायची द्राक्षंही लावली, मग कॅलिफोर्नियातल्या जाणकाराला हाताशी धरून वाईनकडे वळले. पहिली वाईन २००० साली आली. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, त्यात वाईनला करसवलती मिळाल्या. २००५ मध्ये त्यांनी बागेतच चव घ्यायची खोली उघडली आणि लोक तिथे सहलीला यायला लागले. २०२२ च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली.

यातून घाईने धडा काढायचा तर 'पहिला मरतो, दुसरा जगतो' असा निघतो. मी तो काढणार नाही. कारण २००१ नंतर सुला बघून नाशिक भागात डझनांनी वायनरी निघाल्या, तेही 'दुसरे'च होते, आणि त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. आमच्या पलूसलाही वाईन पार्क झाला. जाऊन बघा एकदा. नक्कल करणाऱ्यांनी द्राक्षं, टाक्या, बाटल्या सगळं तसंच आणलं. पण मुंबईहून शनिवारी गाडी काढून येणारा माणूस नाशिकला येतो तसा पलूसला येत नाही, हे कुणी मोजलं नाही. यशाच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं बरेचदा इतकं साधं असतं, की सांगणाऱ्याला ते सांगावंसंच वाटत नाही. इथे मुंबईपासूनचं अंतर होतं.

तसंच स्कूटरचं. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, हे कौतुकाने सांगितलं जातं. पण ती रांग स्कूटर चांगली असल्याची जितकी खूण होती, तितकीच परवाना राजमध्ये हवं तेवढं उत्पादन करता येत नसल्याचीही होती. रांग बघून गिऱ्हाईक आपलंच आहे असं धरलं तर दार उघडल्यावर फसगत होते. १९८५ मध्ये हीरो होंडाची मोटरसायकल आली, लोक हळूहळू तिकडे गेले आणि बजाजलाही मोटरसायकलवाले व्हावं लागलं. २००९ मध्ये तर त्यांनी स्कूटर बंदच केली. दहा वर्षांनी चेतक विजेवर परत आली, ही गंमत वेगळी.

ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाबद्दल लिहायचा मोह होतोय, कारण आमच्या आजोळी तो होता आणि त्याची काच पुसायचं काम माझं असायचं. १९१६ साली सुरू झालेला काचकारखाना. कंदील असा की घराघरात नाव झालं. आणि मग तारेवरून वीज आली. कंदील चांगला असून काय करणार? याउलट कॅम्लिनचे दांडेकर १९३१ पासून शाईच्या पुड्या आणि वड्या विकत होते. बॉलपेन आल्यावर शाईच धरून बसले असते तर त्यांचाही कंदील झाला असता; ते मुलांच्या रंगपेट्यांकडे वळले. शाईचं गिऱ्हाईक शाळेच्या दारातच होतं, रंगांचंही तिथेच. कंदिलाच्या गिऱ्हाइकाला पुढे काय विकायचं, हे मला आजही सुचत नाही.

आता माझ्या त्या पॉलिशरचा शेवट. धुळीत हिशेब लिहिणारा शेतकरी गेल्यावर महिनाभरात एक ढोलवाला आला. ज्याला मी बाजूला सारायला निघालो होतो, तोच. म्हणाला, "दादा, ढोल तिप्पट करा, मोटर काढून टाका, ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालू दे, आणि खाली टायर लावा. दोन घेतो." त्याचा हिशेब वेगळा होता, तो हंगामात हजारो क्विंटल करायचा. ते मॉडेल चाललं. आजही चालतं, जरा सुधारून. उरलेल्या छोट्या यंत्रांतल्या मोटरी मी काढून वापरल्या आणि पत्रा मोडीत गेला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, बघा, गिऱ्हाइकाचं ऐकलं आणि यश मिळालं. मीही पाच-सहा वर्षं व्यासपीठांवर असंच सांगत होतो. पण २०१० साली हळदीला कधी नव्हे असा भाव आला होता. ढोलवाल्यांच्या खिशात पैसा होता, नवीन यंत्र घ्यायची धमक होती. दोन वर्षांत भाव कोसळला. तो माणूस २०१० ऐवजी २०१२ मध्ये माझ्या दारात आला असता तर त्याने एकही घेतलं नसतं, आणि आज मी 'ढोलवाल्यांना विकायला जाऊ नका, ते घेत नाहीत' असं तुम्हाला छातीठोकपणे सांगत असतो. माझ्या हुशारीचा वाटा किती आणि हळदीच्या भावाचा किती, मला ठरवता येत नाही. म्हणून कुणाचीही यशोगाथा वाचताना त्या वर्षी बाजारात काय चाललं होतं ते वेगळं शोधा. पुस्तकात नसतं ते. जुनी वर्तमानपत्रं आणि बाजार समितीतली जुनी माणसं यांच्याकडे असतं.

तर तुमचा बेदाणा. शेडवर निवडणीला बायका मिळत नाहीत, हे खरं. पण म्हणून शेडवाला यंत्र घेईल, हे मी अकरा लाख देऊन शिकलोय की आपोआप खरं होत नाही. तुमच्या घरचीच शेड धरा. हंगामात माल किती टन निघतो? निवडणीला एकूण मजुरी किती जाते? तुमचं यंत्र त्यातली किती वाचवेल, आणि उरलेले नऊ-दहा महिने ते कुठल्या कोपऱ्यात उभं राहील? आणि सगळ्यात मोठं: रंगावरून दाणे वेगळे करणारी मोठी कलर सॉर्टर यंत्रं बसवलेले लोक किलोमागे पैसे घेऊन माल साफ करून देतात. तुमची तुलना बायकांच्या मजुरीशी होणार नाही, त्या किलोमागच्या दराशी होणार. हा दर किती आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते मला खटकलं.

कदाचित तुमचं गिऱ्हाईक शेडवाला नसेलच. मळणी आणि निवडणीची टोळी घेऊन शेडोशेड फिरणारा ठेकेदार असेल, कोल्ड स्टोरेजवाला असेल, सौद्याआधी माल पुन्हा नीटनेटका करून घेणारा व्यापारी असेल. मला माहीत नाही, मी हळदीतला. पण यातला प्रत्येकजण वेगळं यंत्र मागेल: एकाला चाकं हवीत, दुसऱ्याला क्षमता, तिसऱ्याला फक्त रंगाची प्रत. म्हणून ड्रॉइंग काढायच्या आधी तिघांशी बोला, आणि बोलताना 'असं यंत्र असलं तर घ्याल का' हे विचारू नका. सगळे हो म्हणतात. 'गेल्या हंगामात या कामावर काय खर्च झाला' ते विचारा आणि शक्य तर वही बघा.

वाटाण्याचंही सुचवतो. सगळी निवडणी करणारं यंत्र आत्ता नको. बेदाण्याची काडी वेगळी काढणं एवढंच एक काम घ्या, ५० किलो मालावर, जुन्या चाळणीला साधी मोटर लावून, घरच्या शेडवर. १५ किलोचं एक बॉक्स बायकांनी निवडलेलं आणि एक तुमच्या चाळणीचं, शेजारी शेजारी ठेवा आणि व्यापाऱ्याला कुठलं कशातलं ते न सांगता भाव विचारा. त्याने भावात फरक केला नाही तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी आहे. किलोमागे पाच-दहा रुपये कमी सांगितले, तर यंत्राने वाचवलेली मजुरी तिथेच गेली.

नोकरीचं विचारलंत. चाकणची नोकरी ही सध्या तुमची कडबाकुट्टी आहे. तिच्या जिवावर नांगर पडून राहू शकतो, म्हणून निदान पहिला माल रोखीने विकून पैसे हातात येईपर्यंत ती सोडू नये असं माझं मत. घरची बागायत मोठी असेल आणि वडील दोन वर्षं सांभाळायला तयार असतील, तर हे मत बदलेल. पण मग वडिलांना धुळीतला हिशेब आधी दाखवा. मार्चमध्ये पंधरा दिवसांची रजा मिळते का ते मात्र आत्ताच बघून ठेवा. शेड तेव्हाच भरात असतात, आणि एक बाई दिवसात किती किलो निवडते हे तिच्या शेजारी पाट टाकून बसल्याशिवाय कळणार नाही.